जमिनीखालचं हवामान

खोलीत शिरले की ते आधी खिडकीकडे जायचे. चपला काढणं, नमस्कार, बसा-उठा, सगळं नंतर. कडी काढायची, दोन्ही झडपा बाहेर ढकलायच्या, नाक जरा वर करून एक लांब श्वास घ्यायचा आणि मग आपल्याकडे वळून म्हणायचं, "हवा फिरली पाहिजे जी." घर कोणाचं आहे, खिडकी बंद का होती, आत कोणी आजारी आहे का, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसायचं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दुसऱ्याच्या घरातला दिवा, नळ, घड्याळ, काहीतरी नीट केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मला अशा माणसांचा मनापासून वैताग येतो. यांचाही पहिल्याच दिवशी आला.

नागपुरात सदरमधल्या एका जुन्या बंगल्यात आमची कचेरी होती. खाणींसाठी जर्मन यंत्रं मागवून देणारी ती एजन्सी. सत्तरीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. मी टायपिस्ट होते आणि ते भाषांतरकार. यंत्राबरोबर जर्मनीहून जाडजूड पुस्तिका यायची, ते ती इंग्रजीत आणायचे आणि मी टाइप करायची. ते तरुणपणी दीड-दोन वर्षं जर्मनीत खाणीच्या यंत्रांचं शिकून आले होते. भाषा तिथेच शिकले. मूळचे काटोलकडचे, राहायला नागपुरातच इंदोऱ्याला. आमची टेबलं एकमेकांना चिकटून होती आणि दोघांत खिडकी एकच.

नागपूरचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना पुढचं सांगायला नको. सकाळचं ऊन जरा चढलं की घरदार बंद करायचं, खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावायच्या, त्यांवर पाणी मारत राहायचं आणि संध्याकाळपर्यंत अंधारात बसायचं. बाहेर भाजणारी लू वाहत असते. तिला आत घेणारा माणूस एक तर परगावचा असतो नाहीतर डोकं फिरलेला. हे गृहस्थ ना परगावचे, ना वेडे. तरी आल्या आल्या ताटी बाजूला सरकवायचे. कागद उडायचे, माझ्या यंत्रावर धूळ बसायची आणि पलीकडून आमचे बडेबाबू ओरडायचे. बडेबाबू म्हणजे हेडक्लार्क, जाडे, घामट आणि उन्हाळ्यापुरते अतिशय रागीट.

"तुमची हवा फिरवा गा घरी," ते म्हणायचे. "इथं आमचं डोकं फिरून राहिलं."

मग थोडी हुज्जत व्हायची. शेवटी ताटी अर्धी सरकलेली राहायची, म्हणजे त्यांना हवा पुरत नसे आणि आम्हाला गारवा. असा समेट मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

एकदा पंख्याची पुस्तिका आली. घरातला पंखा नाही. खाणीच्या तोंडाशी बसवायचा, एका खोलीएवढा मोठा, जो खालची वापरलेली हवा ओढून बाहेर टाकतो आणि दुसऱ्या वाटेनं ताजी आत येते. त्या पुस्तिकेत पानोपानी एकच शब्द होता, वेटर. ते मला तोंडानं मजकूर सांगत होते, मध्येच तो मूळ शब्द उच्चारायचे आणि मला सीताबर्डीवरच्या हॉटेलातला कळकट सदऱ्याचा पोऱ्या आठवायचा. मी हसले. ते रागावले नाहीत. म्हणाले, हा इंग्रजी वेदरचा सख्खा भाऊ आहे, अर्थ हवामान. पण जर्मन खाणकामगार जमिनीखालच्या हवेलाही हवामानच म्हणतात.

बडेबाबूंचा कान इकडेच होता. त्यांनी विचारलं, जमिनीखाली कायचं आलं हवामान, तिथं ना ऊन ना पाणी.

"माणूस जिथं दम घेते तिथं हवामान असतेच नं, बडेबाबू," ते म्हणाले.

मग त्यांनी आम्हाला त्या हवामानाचे प्रकार सांगितले. एक ताजं. एक दुष्ट, म्हणजे विषारी. एक मारकुटं, ठिणगी लागली की भडकणारं. आणि एक थकलेलं. थकलेल्या हवेला वास नसतो, रंग नसतो. तिच्यातला जीव संपलेला असतो एवढंच. ती खालच्या अंगाला साचून राहते. दिव्याची ज्योत आपोआप विझते आणि माणसाला झोप येते.

आम्हा कचेरीतल्या लोकांना काय, खेळच मिळाला. मॅनेजरसाहेब तावातावानं आले की बडेबाबू हळूच म्हणायचे, आज वेटर दुष्ट आहे. दोन माणसांचं वाजलं की वेटर मारकुटा. आणि जेवणानंतर सगळ्यांच्या माना पडायला लागल्या की कोणीतरी जांभई देत म्हणायचं, थकला गा वेटर, थकला. ते स्वतः सगळ्यांत जास्त हसायचे. खिडकीपाशी उभं राहून रोज सकाळी नाक वर करून आजचं हवामान जाहीर करायचे. इतकं हसरं माणूस होतं ते. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढे ज्यांनी त्यांना पाहिलं त्यांना हे खरं वाटायचं नाही.

त्यांना एकच मुलगा. त्यानं खाणकामाची पदविका घेतली होती आणि छिंदवाड्याच्या बाजूच्या एका खाणीत त्याला ओव्हरमनची जागा मिळत होती. ओव्हरमन म्हणजे खाली माणसांच्या जिवाची देखरेख करणारा. मुलाचं मन होत नव्हतं, आईचं तर मुळीच नव्हतं. यांनी दोघांना समजावलं. त्या खाणीवर आमच्याच एजन्सीनं दिलेला पंखा होता, त्याची पुस्तिका यांच्याच हाताखालून गेली होती. बायकोला यांनी सांगितलं, तिथं खाली आपला पंखा आहे, वरच्यापेक्षा हवा बरी राहील. ही गोष्ट त्यांनी तेव्हा आम्हालाही कौतुकानं सांगितली होती. मुलगा रुजू झाला त्या दिवशी त्यांनी कचेरीत संत्री वाटली.

हिवाळ्यातली सकाळ होती. ते नुकतेच खिडकी उघडून बसले होते. मॅनेजरसाहेब, जे कधी स्वतःहून कोणाच्या टेबलाशी येत नसत, ते येऊन उभे राहिले. खाणीवरून ट्रंककॉल आला होता. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की अपघात झाला आहे, खाली हवा खराब होती, मुलगा गेला.

त्यांनी साहेबांकडे वर पाहिलं आणि विचारलं, "कोणती हवा?"

साहेबांना प्रश्न कळला नाही. आम्हाला कळला. बडेबाबूंनी तोंड फिरवून घेतलं. मी यंत्रावरचे हात मांडीत घेतले आणि तसेच धरून बसले. ते पुन्हा म्हणाले, "नाही, कोणती हवा होती, साहेब?" आवाज अगदी साधा, पुस्तिकेतला एखादा शब्द विचारावा तसा.

थकलेली होती. ते दोन दिवसांनी कळलं. एका सोडून दिलेल्या जुन्या बोगद्याच्या तोंडाशी आडकाठी लावायची होती. ती लावून घेताना मुलगा थोडा आत गेला, बहुतेक कोणी आत राहिलं नाही ना हे बघायला. भिंतीला टेकून बसल्यासारखा सापडला. चौकशी झाली. मोठा पंखा चालू होता, खालची हवा वळवणारी दारं जागच्या जागी होती, कोणाची चूक निघाली नाही. त्या बोगद्यात हवा जातच नव्हती, कारण तिथं कोणी जाणं अपेक्षित नव्हतं. यांनी ती पंख्याची पुस्तिका पुन्हा शब्दन् शब्द तपासली, मूळ जर्मन एका हाताला आणि माझं टाइप केलेलं दुसऱ्या. मी शेजारी बसून बघत होते. त्यांना आपली चूक हवी होती. एखादा शब्द चुकलेला निघाला असता तर त्यांना धरायला काहीतरी मिळालं असतं. सगळं बरोबर होतं. मला त्या वेळी देवाधर्माचा, नशिबाचा, सगळ्यांचाच संताप आला होता आणि तो आजही पुरता गेलेला नाही.

वेटर हा शब्द कचेरीतून गेला. तो उच्चारू नका असं कोणी कोणाला सांगितलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात पहिल्यांदा ताट्या लावल्या तेव्हा बडेबाबू स्वतः उठले आणि आमच्या खिडकीची ताटी सबंध काढून भिंतीला टेकवून ठेवली. मग दिवसभर धुळीत आणि झळांत, डोक्याला ओला पंचा गुंडाळून, एक शब्द न बोलता काम करत राहिले. त्या माणसाला मी त्या दिवसापासून मानते.

त्याच मे महिन्यात मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले. ते तापानं दोन दिवस आले नव्हते आणि साहेबांनी एक कागद सहीसाठी दिला होता. भर दुपारी इंदोऱ्याच्या त्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. सगळी घरं डोळे मिटून बसलेली. एकच घर सताड उघडं. समोरचं दार, मागचं दार, चारही खिडक्या. झडपा नुसत्या उघड्या नव्हत्या, वाऱ्यानंही लागू नयेत म्हणून सुतळीनं गजांना बांधून टाकल्या होत्या. आतून बाहेर लू अशी वाहत होती की पडदे छताला लागत होते. भिंतीवर दोन तसबिरी, बुद्धाची आणि मुलाची. दोन्हींच्या खालच्या कोपऱ्यांत खिळे मारले होते, तरी दोन्ही वाऱ्यानं हलत होत्या.

त्यांची बायको उंच, वाळलेली, पांढऱ्या सुती लुगड्यातली बाई होती. तिनं मला पाणी दिलं, बस वं पोरी म्हणाली. आपण समोर जमिनीवर बसली. रडणं वगैरे काही नाही. थोड्या वेळानं, हवापाण्याचं बोलावं तशा सुरात, तिनं नवऱ्याला विचारलं, "जगात एवढी हवा आहे. माह्या पोराले काहून नाही भेटली जी?"

ते म्हणाले, "पाहून राहिलो. सांगतो तुले."

मला वाटलं त्या दिवसापुरतं विचारलं असेल. तसं नव्हतं. ती रोज विचारायची. ते कचेरीतून घरी गेले, हातपाय धुतले, चहा घेतला की विचारायची. भांडण नाही, टोमणा नाही. मुलाला खाणीत कोणी पाठवलं हे तिनं एकदाही काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसता तो एक प्रश्न विचारायची आणि ते दर वेळी म्हणायचे, पाहून राहिलो.

आणि ते खरंच पाहत होते. आता तुम्ही म्हणाल, त्यात पाहायचं काय? वायूचं शास्त्र त्यांना येत होतं, ते त्यांनी तिला एकदा समजावून सांगितलंही होतं. तिनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तेव्हा त्यांच्यापाशी उरलं काय, तर तो एक शब्द. त्यांनी आयुष्यभर शब्दांचंच काम केलेलं. हवा म्हणून जन्मलेला शब्द जमिनीखाली कसा उतरला, कुठे बिघडला, हे शोधलं तर उत्तर सापडेल असं त्यांच्या मनानं घेतलं. कचेरी सुटली की ते विद्यापीठाच्या ग्रंथालयात जायचे. तिथे मोठमोठे जुने कोश होते, बहुतेक कोणी न उघडलेले. रविवारी सीताबर्डीवर फुटपाथला जुनी पुस्तकं विकायला बसतात, तिथे स्वीडिश, डच, जे मिळेल ते शब्दकोश चाळायचे. मला टाइप करता करता सांगायचे. मी हूं हूं करायची. सुरुवातीला मला ते ऐकवत नसे.

डच लोकांनी मधला द गिळून टाकला, नुसतं वेअर म्हणतात. इंग्रज खलाशी जहाजाच्या ज्या बाजूनं वारा येतो तिला वेदरची बाजू म्हणत. स्वीडनमध्ये तोच शब्द वेडर होतो आणि पूर्वी त्याचा अर्थ हवामान नव्हताच, वारा होता. म्हणून पवनचक्कीला ते अजून वेडरची चक्की म्हणतात. आइसलँडच्या जुन्या बोलीत तोच शब्द वारा, वादळ आणि वास, तिन्हींसाठी. जर्मनमध्ये त्याच कुळातलं एक क्रियापद आहे. जंगलात हरीण थांबतं, नाक वर करतं आणि वाऱ्यावरून ओळखतं की जवळपास जनावर आहे. त्या करण्याला ते क्रियापद वापरतात. हे सांगताना त्यांनी नाक वर केलं आणि लगेच खाली घेतलं. त्यांच्या मनात काय आलं ते मला कळलं. थकलेल्या हवेला वास नसतो.

एकदा मी चिडले. मी म्हटलं, काका, हे सगळं कळून काय होणार आहे? स्वीडनमध्ये चक्कीला काय म्हणतात यानं काकूंचं काय समाधान होणार? मला त्यांची कीव येत होती आणि कीव आली की मी चिडते, हा माझा स्वभाव.

ते रागावले नाहीत. पेन्सिलीला टोक करत म्हणाले, "रोज घरी जा लागते जी. अन् तिनं विचारलं की तिले काहीतरी द्या लागते. रिकाम्या हातानं कसं जाऊ?"

तेव्हा मला समजलं. लोक संध्याकाळी घरी भाजी नेतात तसे हे रोज एका देशाचा शब्द नेत होते. आणि ती ऐकायची. त्यांनीच सांगितलं मला, चहाचा कप खाली ठेवून नीट ऐकते, कधी एखादा शब्द पुन्हा म्हणवून घेते. अख्ख्या इंदोऱ्यात त्या एका बाईला डच लोक हवामानाला काय म्हणतात ते ठाऊक होतं. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. माझ्या सांत्वनाच्या सगळ्या कल्पना त्या दोघांपुढे पोरकट होत्या. तिथे सांत्वन नव्हतंच. एक माणूस विचारत होतं, दुसरं शोधत होतं आणि शोधायचं त्यात काही नव्हतं, हे मला वाटतं दोघांनाही आतून माहीत होतं.

मी एकदा त्यांना म्हटलं, निदान दुपारी तरी दारं लावून घ्या, अशानं दोघं मराल. ते म्हणाले, "माह्यासाठी नाही जी. तिच्यासाठी ठेवतो. बंद केलं की तिचा जीव घाबरते." बडेबाबू त्यांच्या सदऱ्याच्या खिशात रोज एक कांदा टाकायचे, लू लागू नये म्हणून. संध्याकाळी निघताना स्वतःच चाचपून बघायचे, आहे ना.

शहरात एका मिशनच्या दवाखान्यात एक म्हातारी डॅनिश परिचारिका होती. निवृत्त झाली तरी मायदेशी गेली नव्हती. डॅनिश शब्द कोशात सापडला होता, पण त्याच्यापुढे दोन अर्थ होते आणि दुसरा यांना नीट लागेना. मला म्हणाले, चला माझ्याबरोबर, बाईमाणसाकडे एकटं जायला बरं वाटत नाही. आम्ही गेलो. बाई खूप म्हातारी, कानानं कमी, हिंदी मात्र फर्मास बोलायची. तिनं प्रश्न ऐकला आणि हसून स्वतःच्या छातीवर हात ठेवला. म्हणाली, आमच्याकडे हवामान आणि श्वास एकच. आभाळात असतं तेही तेच आणि छातीत जातं तेही तेच. आम्ही श्वास घेतो म्हणत नाही, हवामान ओढतो म्हणतो. रोग्याला सांगायचं तर सांगतो, ओढा, हवामान ओढा. मग तिनं तो शब्द म्हणून दाखवला आणि लांब श्वास ओढून दाखवला. यांनीही तसाच ओढला. दोघं म्हातारी माणसं समोरासमोर बसून श्वास ओढत होती आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

परत येताना ते सायकल हातात धरून चालत होते. मध्येच म्हणाले की पोरानं ओढलीच असेल. तिथं होती तीच ओढली असेल त्यानं, पुन्हा पुन्हा.

त्या पावसाळ्यानंतर शोध संपला. सगळे कोश एकाच जागी येऊन थांबत होते. इंग्लंड, जर्मनी, हॉलंड, डेन्मार्क, स्वीडन, सगळ्यांच्या त्या शब्दाच्या मागे जाता जाता फार जुनं एक मूळ लागतं, त्याचा अर्थ वाहणं, फुंकणं. तेच मूळ आपल्याकडे आलं. वा धातू. त्यातून आपला वात, आपला वायू. पंडित लोक यावर खूश होतात, मीही झाले असते. हे झाले नाहीत. एवढं हिंडून आपण आपल्याच दारात येऊन पोचलो, आता पुढे जायला वाट नाही, असा चेहरा करून ते बसले होते. त्या दिवशी घरी जायला त्यांनी फार उशीर केला.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, काकू काय म्हणाल्या?

त्यांनी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं होतं. मग म्हणाली होती, "म्हणजे आपल्याच घरातली हवा ते. मंग तिनं त्याले ओळखलं काहून नाही?"

त्यानंतर ते ग्रंथालयात गेले नाहीत. संध्याकाळी लवकर निघायचे, पण घरी लवकर पोचायचे नाहीत. इंदोऱ्याच्या चौकात पुलाच्या कठड्यावर बसलेले लोकांना दिसायचे. आता नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. कचेरीत खिडकी उघडायचे, पण नाक वर करायचे नाहीत आणि "हवा फिरली पाहिजे" हे तर कधीच म्हणायचे नाहीत. आम्हीच मग त्यांच्याऐवजी म्हणून बघायचो. बडेबाबू मोठ्यानं म्हणायचे, हवा फिरली पाहिजे भाऊ. ते मान हलवायचे, बस.

पुढचा उन्हाळा फार कडक होता. निदान मला तसा आठवतो. एक दिवस ते आले नाहीत आणि दुपारी शेजारचा माणूस सायकलवर निरोप घेऊन आला की दवाखान्यात नेलंय. पश्चिमेच्या खिडकीपाशी खुर्ची टाकून ते बसले होते, लूच्या तोंडावर, किती वेळ कोण जाणे. खिशात कांदा नव्हता, कारण आदल्या दिवशी रविवार होता आणि त्या सोमवारी ते कचेरीत आलेच नव्हते. बडेबाबू आणि मी रिक्षानं गेलो. अंगाला हात लावला तर भट्टीसारखं तापलेलं. बर्फ ठेवत होते. नाकाला प्राणवायूची नळी होती. खाटेशेजारी त्यांची बायको त्यांच्या छातीवर तळवा ठेवून वाकली होती आणि हळू आवाजात एकसारखं म्हणत होती, "ओढा जी. हवा ओढा." त्यांनीच तिला शिकवलेलं. मध्येच ती तो डॅनिश शब्द म्हणायची, अगदी त्या म्हातारीसारखा. मग पुन्हा, "ओढा."

चार वाजायच्या सुमारास डॉक्टरांनी नळी काढली. तिनं तळवा तसाच ठेवला. बडेबाबू मोठमोठ्यानं रडत होते. ती रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "त्याले भेटली नाही वं. अन् यायले भेटली, तं यायनं घेतली नाही."

आठवड्याभरानं मी घरी गेले. ऊन तसंच होतं, घर तसंच सताड उघडं. वंदना, माणसांचं येणं-जाणं सगळं उरकलं होतं. भिंतीवर तिसरी तसबीर आली होती आणि तीही वाऱ्यानं हलत होती. त्यांची बायको खिडकीपाशी उभी राहून सुतळीची गाठ सोडवत होती. दोन उन्हाळे आणि मधला पावसाळा खाल्लेली गाठ, सुटेना. मी सुरी आणून दिली, मी झडप धरली, तिनं कापली.

"मले हे ऊन कधीच सहन नाही झालं पोरी," ती म्हणाली. "पाच मिनिटं बसलं की डोळ्यापुढं अंधारी येते. पण मले वाटे, बंद केलं तं यायचा जीव घाबरन. म्हणून मी बोलली नाही."

मला त्यांचे शब्द आठवले. तेच शब्द. ते तिला सांगावेत की नाही, हे मला कळेना. मी सांगितले नाहीत. आजतागायत कोणाला सांगितले नव्हते, तुम्हालाच सांगते आहे.

आम्ही एकेक खिडकी लावत गेलो. मग मागचं दार, मग पुढचं. तसबिरी हलायच्या थांबल्या. चहाची वेळ झाली होती, म्हणजे तिची विचारण्याची वेळ. तिनं दाराकडे एकदा पाहिलं आणि काही विचारलं नाही. खोलीत अंधार झाला. हवा जागच्या जागी थांबली होती, थकलेली, आणि आम्ही दोघी तीच ओढत बसून राहिलो.